माप पुलीला विचारावं

सुरत जिल्ह्यातल्या कामरेज चार रस्त्याच्या आसपास ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन फॅन बेल्ट मागितला, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "कयुं ट्रॅक्टर छे?" कुठला ट्रॅक्टर? नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा प्रश्न पुरेसा आहे. मॉडेलचं नाव सांगायचं, दुकानदार मागच्या खुंटीवरून पट्टा उतरवून देतो, पैसे देऊन निघायचं. पण ट्रॅक्टर चाळीस-पन्नास वर्षांचा असेल तर याच प्रश्नापासून घोळ सुरू होतो. एका गळिताच्या हंगामात माझ्या मामांच्या ट्रॅक्टरने तीन पट्टे खाल्ले. एक नाव सांगून आणला होता, एक जुना पट्टा दाखवून, आणि तिसरा अंदाजाने. चौथा पुलीचं माप घेऊन आणला आणि तो टिकला. या चार खरेद्यांमध्ये नेमका फरक कशाचा होता, तेवढंच मला इथे सावकाश उलगडून सांगायचं आहे.

मामा मूळचे शहाद्याकडचे. दिवाळी झाली की नंदुरबार, धुळे आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या सुरत जिल्ह्यात उतरतात. मामा तरुणपणी अशाच एका टोळीबरोबर आले आणि पुढे कामरेजलाच राहिले. काकरापार आणि उकाईच्या कालव्यांनी हा सगळा मुलूख उसाचा केला. बारडोली, मढी, चलथाण, सायण आणि खुद्द कामरेज तालुक्यात नवी पारडी, असे सहकारी साखर कारखाने इथे थोड्याथोड्या अंतरावर आहेत. मामा हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढतात. ट्रॅक्टर महिंद्राचा बी-२७५, वयाने माझ्याहून मोठा. तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. फडातून निघाल्या क्षणापासून त्याचं वजन घटायला लागतं, साखर कमी होत जाते. दिवसभरात गव्हाणीत पडला तर बरा. अशा वेळी मुठीत मावणारा एक रबरी पट्टा गेला, तर भरलेली ट्रॉली शेतरस्त्यावर उभी राहते आणि मागे तोडणारी माणसं हात बांधून बसतात.

पट्ट्याचं काम किती मोठं आहे हे आधी लक्षात घ्यायला हवं. डिझेल इंजिनात जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश कामी येते. उरलेल्यातली बरीचशी धुराड्यातून बाहेर पडते आणि बाकीची पाण्यावाटे काढून टाकावी लागते. हे पाणी फिरवणारा पंप, रेडिएटरमधून हवा ओढणारा पंखा आणि बॅटरी भरणारा डायनमो, या सगळ्यांना फिरवायला मामांच्या ट्रॅक्टरवर तो एकच पट्टा. खाली क्रँकची पुली, वर पाण्याच्या पंपाची, बाजूला डायनमोची. तीन पुल्यांवरून त्रिकोणी फेरा घेत तो धावतो.

पट्टा तुटला तर लगेच कळतं. घसरत असेल तर मात्र उशिरा कळतं, आणि जुन्या ट्रॅक्टरचं खरं नुकसान या घसरण्यानेच होतं. रिकाम्या ट्रॉलीला काही जाणवत नाही. भरलेली ट्रॉली चढाला लागली की तापमानाचा काटा हळूहळू वर सरकतो. सकाळी बॅटरी अंग टाकते. पुल्यांच्या आसपास काळी भुकटी साचते, सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. आपण रेडिएटर धुतो, थर्मोस्टॅट काढून बघतो, बॅटरीवाल्याशी भांडतो. पट्टा जागेवर फिरताना दिसतो, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही.

आता नावाचा प्रश्न. बी-२७५ हे नाव भारतात आलं ते इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून. १९६३ मध्ये महिंद्रा आणि हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. चेन्नईच्या टॅफेची स्थापना १९६० ची. तिचा मॅसी फर्ग्युसन १०३५ आजही गावोगाव दिसतो. पिंजोरच्या एचएमटीने १९७१ पासून झेटरच्या बनावटीचा २५११ काढला. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. आणि कामरेजवरून जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेला गेलं की वडोदरा लागतं. तिथे १९५९ पासूनच्या कारखान्यातून हिंदुस्तान ट्रॅक्टर निघाले. १९७८ मध्ये त्या कारखान्याचं गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झालं आणि पुढे तो महिंद्राकडे गेला. म्हणजे काही कंपन्या बंद झाल्या, काही दुसऱ्यांच्या झाल्या, काहींनी तेच नाव ठेवून आतलं इंजिन अनेकदा सुधारलं. पट्ट्याचा पार्ट नंबर मात्र एका ठरावीक वर्षाच्या, ठरावीक इंजिनाच्या, कारखान्यातून जसा निघाला तशाच ट्रॅक्टरचा असतो. 'बी-२७५ चा पट्टा द्या' एवढं म्हटल्यावर आपण नेमक्या कुठल्या वर्षाच्या बी-२७५ बद्दल बोलतोय, हे दुकानदाराला कळायला काही मार्ग नसतो. तो त्याच्या समजुतीप्रमाणे देतो. त्यात त्याची चूक नाही.

शिवाय ट्रॅक्टर स्वतः तरी तोच कुठे राहिलेला असतो? पन्नास वर्षांत पाण्याचा पंप दोनदा बदललेला असतो. क्रँकची पुली कुणीतरी घण घालून काढताना तिचा काठ उडालेला असतो, म्हणून भंगारातून दुसरी आणलेली असते. डायनमो जळतो आणि त्याच्या जागी मोटारीचा अल्टरनेटर बसतो, कारण तो सहज मिळतो आणि कमी फेऱ्यांवरही बॅटरी भरतो. यातली प्रत्येक दुरुस्ती त्या-त्या दिवशी योग्यच असते. पण अशा पाच-सहा दुरुस्त्या झाल्यावर बॉनेटवरचं नाव आणि बॉनेटखालचं यंत्र यांचा संबंध सुटतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशी गत. दुकानात आपण नाव सांगतो, पट्टा मात्र हातातल्या वाळ्यावर बसवायचा असतो.

मग माणूस शहाणपणाने दुसरा मार्ग धरतो. जुना पट्टा काढून खिशात घालतो आणि दुकानात ठेवून म्हणतो, 'अस्साच द्या.' मलाही हेच बरोबर वाटायचं. दुकानदार जुना पट्टा खुंटीवर लावतो, शेजारी नवा लावतो, दोन्ही खाली ओढून लांबी जुळवतो. डोळ्यांना खात्री पटते. पण जुना पट्टा खरं सांगण्याच्या अवस्थेत नसतो. तो वर्षभर तापलेला, ताणलेला असतो, त्यामुळे मूळ लांबीपेक्षा थोडा लांब झालेला असतो. त्याच्या दोन्ही बाजू पुलीच्या भिंतींवर घासून झिजलेल्या असतात, त्यामुळे रुंदीला तो मूळच्यापेक्षा अरुंद भरतो. पाठीवर छापलेले आकडे पुसून गेलेले असतात. त्याच्या बरहुकूम आणलेला नवा पट्टा म्हणजे झिजेची नक्कल. आणि तो आधीपासूनच चुकीचा बसवलेला असेल, तर आपण पैसे मोजून तीच चूक पुन्हा आणतो.

मामांच्या दुसऱ्या पट्ट्याचं असंच झालं. जुना झिजून साडेअकरा मिलिमीटरवर आला होता. दुकानात पट्टे दहाचे आणि तेराचे. जुना दोन्हींच्या मध्ये. दुकानदाराने लांबी जुळवली आणि दहाचा दिला. तो चार दिवसांत काचेसारखा गुळगुळीत झाला आणि इंजिन तापायला लागलं.

तिसरा पट्टा घेऊन निघणार, तेव्हा इथल्या एका जुन्या मिस्त्रींनी मामांना थांबवलं. तेही खान्देशातलेच. ते म्हणाले, "आबा, पट्ट्याला नका विचारू. पुलीला विचारा." मामा घाईत होते, हंगाम भरात होता. त्यांनी तेरा रुंदीचा, आधीपेक्षा एक नंबर लहान पट्टा आणला आणि कचकचून आवळला. आठवड्याभरात पाण्याचा पंप गुणगुणायला लागला. त्यानंतर मात्र मिस्त्रींकडे ट्रॅक्टर उभा केला. पुलीला विचारायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी मी शेजारी उभा राहून पाहिलं.

ते समजण्यासाठी हा पट्टा पकड कशी घेतो हे कळायला हवं. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पिठाची गिरणी पाहिली आहे. तिथला रुंद, सपाट पट्टा पोटाने पुलीला धरतो. घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. फॅन बेल्ट पोटाने धरत नाही. त्याचा आडवा छेद पाचरीसारखा असतो, वर रुंद आणि खाली निमुळता, आणि पुलीची खाचही तशीच. पट्टा ताणला की तो खाचेत खाली ओढला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजू भिंतींमध्ये आवळून बसतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकल्यावर पातं कसं घट्ट होतं, तसंच. पट्ट्याच्या दोन बाजूंमधला कोन साधारण ४० अंशांचा असतो, आणि त्या हिशोबाने सारख्याच ताणाला भिंतींवरचा दाब सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट होतो. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांना १९१७ मधल्या या शोधाचं श्रेय दिलं जातं. तळहाताएवढ्या पुलीवरून एवढीशी रबरी वादी पंखा, पंप आणि डायनमो ओढते ती या पाचरीच्या जोरावर.

यातूनच पुढचं सगळं निघतं. पाचर तळाला टेकली की तिचं आवळणं थांबतं. म्हणून पट्ट्याचं पोट खाचेच्या तळाला कधीही टेकता कामा नये. खाली मोकळी जागा हवी. मिस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती हीच. रॉकेलच्या चिंधीने क्रँकची पुली पुसली आणि खाचेत टॉर्चचा उजेड टाकला. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. त्यांनी बोट लावून दाखवलं. भिंती चकाकायला हव्यात आणि तळाला गंज हवा. तळ चकाकतोय याचा अर्थ पट्टा तिथे टेकून घासत होता, म्हणजे तो या खाचेसाठी अरुंद होता, नाहीतर भिंती झिजून खाच रुंदावली होती. सगळ्या इंजिनात गंज बघून समाधान वाटावं अशी ही एकच जागा असेल.

भिंतीही बोट फिरवून बघायच्या. चांगली भिंत सरळ उतरते. झिजलेली भिंत मधे खोलगट होते आणि काठाशी एक पायरी तयार होते. तशी पायरी हाताला लागली तर कितीही उत्तम पट्टा आणा, तो काही दिवसांत त्या खोलगटाच्या आकाराचा होणार. तिथे पुलीच बदलावी लागते.

खाचेच्या कोनाची एक गोष्ट मला फार आवडली. पट्ट्याचा कोन ४० अंश असतो, मग खाचेचाही ४० हवा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पुल्यांच्या खाचा ३४ ते ३८ अंशांच्या असतात, आणि पुली जितकी लहान तितका कोन कमी. शाळेतलं खोडरबर हातात घेऊन वाकवा. वरची बाजू ताणली जाऊन अरुंद होते, खालची दबून फुगते. पट्टा पुलीवरून वळताना असाच बदलतो. रुंद बाजू आकसते, निमुळती बाजू फुगते, आणि ४० चा कोन आपोआप कमी होतो. लहान पुलीवर तो जास्त वाकतो, म्हणून तिथे खाच अधिक उभी. कारखान्यात हा हिशोब करून कापलेल्या खाचेत आणि गावातल्या लेथवर नजरेने कापलेल्या खाचेत दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी पट्ट्याची फक्त वरची नाहीतर फक्त खालची कड धरते आणि तेवढीच कड जळत जाते. लेथवर पुली करून घेणार असाल तर कोन अंशात सांगा. तसा कोन कापणं लेथवाल्याला येतं. आपण सांगत नाही एवढंच.

पुली तपासून झाली की रुंदी. आपल्याकडे चालणाऱ्या साध्या पट्ट्यांना अक्षरांनी ओळखतात. 'ए' म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर आणि जाडी ८. 'बी' म्हणजे रुंदी १७ आणि जाडी ११. मोटारींच्या पट्ट्यांवर अक्षराऐवजी थेट १० किंवा १३ अशी रुंदी लिहिलेली असते. यात एक फसवी जागा आहे. 'एसपीए' नावाचा पट्टाही १३ रुंद असतो, पण त्याची जाडी १०. वरून बघितलं तर 'ए' आणि 'एसपीए' यांत फरक दिसत नाही. जुन्या, उथळ खाचेत मात्र ते जास्तीचे दोन मिलिमीटर तळाला टेकू शकतात. रुंदी मोजायची ती खाचेच्या तोंडाशी, व्हर्नियर कॅलिपरने, आणि प्रत्येक पुलीची वेगळी. मग त्या रुंदीचा पट्ट्याचा तुकडा खाचेत दाबून बघायचा. त्याची पाठ पुलीच्या काठाच्या पातळीला किंवा किंचित वर आली पाहिजे. काठाखाली बुडाली तर पट्टा अरुंद, फार वर राहिली तर रुंद.

मिस्त्रींनी क्रँकची खाच मोजली: तेरा. पंपाची मोजली: तेरा. अल्टरनेटरची मोजली: दहा.

तीन पट्ट्यांचा जीव तिथे गेला होता. त्या पावसाळ्यात डायनमो जळाला होता आणि त्याच्या जागी एका जुन्या मोटारीचा अल्टरनेटर बसवला होता, त्याच्या मूळ अरुंद पुलीसकट. तेरा रुंदीचा पट्टा तिच्यावर नुसता टेकलेला असायचा. खाचेचे दोन काठ त्याच्या बाजूंना सुरीसारखे कापायचे, आणि म्हणूनच तो झिजून साडेअकरावर आला होता. दहाचा पट्टा अल्टरनेटरवर नीट बसला, पण क्रँकच्या खाचेत बुडून तळाला टेकला आणि घसरला. तिसऱ्याला घसरू नये म्हणून आवळला, तर त्याचा ताण पंपाच्या बेअरिंगवर गेला. त्या ट्रॅक्टरसाठी बरोबर पट्टा सुरतेत नव्हता, मुंबईत नव्हता, कुठल्या कारखान्यातही नव्हता. तीन खाचा एका मापाच्या नसताना त्यांना जोडणारा पट्टा असूच शकत नाही. आम्ही मात्र तीन महिने पट्ट्यांना आणि दुकानदारांना दोष देत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

लेथवर अल्टरनेटरसाठी नवी पुली करून घेतली. व्यास जुन्या पुलीएवढाच ठेवला, नाहीतर अल्टरनेटरच्या फेऱ्या बदलल्या असत्या. खाच तोंडाशी तेरा, कोन ३४ अंश. अल्टरनेटरचा ब्रॅकेट वेल्डिंगचा होता. सरळ पट्टी क्रँकच्या पुलीला टेकवून बघितली तर पुली चार मिलिमीटर मागे. वॉशर घालून ती ओळीत आणली. पुल्या एका ओळीत नसतील तर पट्टा प्रत्येक फेऱ्याला तिरका शिरतो आणि एक कड खातो. कधीकधी उलटाही होतो.

आता लांबी. इथे बहुतेक जण चुकतात, कारण पट्ट्याला एक लांबी नसते. आतून मोजली तर एक, पाठीवरून मोजली तर दुसरी, आणि ताण घेणाऱ्या दोऱ्या ज्या पातळीवर असतात तिथली तिसरी. साध्या 'ए' पट्ट्यावर 'ए ३९' लिहिलेलं असतं तेव्हा आतली लांबी ३९ इंच, म्हणजे ९९० मिलिमीटर. मोटारीच्या पट्ट्यावर '१३ × १०४०' लिहिलेलं असतं तेव्हा ती बाहेरची लांबी. हे दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत. पट्टा पुल्या लहान असोत की मोठ्या, एकूण एक पूर्ण वेढा घेतो, म्हणून बाहेरची आणि आतली लांबी यांतला फरक जाडीच्या सव्वासहा पट येतो. ८ मिलिमीटर जाडीला तो ५० मिलिमीटर भरतो, 'बी'च्या ११ ला जवळजवळ ७०. कुणी पाठीवरून मोजून आणि ते आतलं माप समजून पट्टा मागितला, तर दोन इंच लांब पट्टा घरी येतो. तो घट्ट करायला अल्टरनेटर इंचभर किंवा त्याहून जास्त बाहेर ओढावा लागतो. ब्रॅकेटच्या खाचेत तेवढी जागा क्वचितच उरलेली असते.

लांबी काढायला मिस्त्रींनी सुतळी वापरली नाही. सुतळी ताणली जाते, खाचेत कुठल्या खोलीवर बसते तेही कळत नाही. त्यांनी तेरा रुंदीचा एक टाकाऊ, लांब पट्टा कापून त्याची वादी केली. अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये आतल्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवून बोल्ट हलकेच कसला. असं केल्याने नवा पट्टा सैल करून चढवायला मागे जागा राहते आणि पुढे तो सैलावला तर ओढून घ्यायला पुढे जागा राहते. मग ती वादी तीनही खाचांमधून फिरवली, ओढून धरली, जिथे टोकं एकमेकांवर आली तिथे खडूने खूण केली आणि वादी तशीच खाचांमध्ये असताना तिच्या पाठीवरून टेप फिरवली. १०४० मिलिमीटर. वजा ५०, राहिले ९९०, भागिले २५.४, आले ३९. कागदावर एवढाच हिशोब. हा आकडा आमच्या ट्रॅक्टरचा आहे. दुसऱ्या बी-२७५ ला तो लागू पडेलच असं नाही, आणि माझं सगळं म्हणणं तेच आहे.

एक निर्णय अजून बाकी होता. साधा, कापड गुंडाळलेला 'ए' पट्टा घ्यायचा की आतून दातेरी? साध्या 'ए' पट्ट्याला किमान ७५ मिलिमीटर व्यासाची पुली लागते, असं मानक आहे. अल्टरनेटरची पुली त्याहून लहान होती. लहान पुलीवर साधा पट्टा प्रत्येक फेऱ्याला नको इतका वाकतो, आतून तापतो आणि भेगाळतो. दातेरी पट्ट्याच्या पोटाला खाचा असल्याने तो सहज वळतो आणि कमी तापतो. म्हणून मोटारीच्या प्रकारचा दातेरी पट्टा घ्यायचं ठरलं. गिरणी किंवा पंपसेटसाठी केलेल्या पट्ट्यापेक्षा इंजिनासमोरच्या उष्णतेत तो जास्त टिकतो, हेही त्यात आलं.

मग मामा पुन्हा त्याच काउंटरवर गेले. "कयुं ट्रॅक्टर छे?" या प्रश्नाला त्यांनी चिठ्ठी पुढे केली: रुंदी १३, बाहेरची लांबी १०४०, दातेरी. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, पुढे काहीही न विचारता आत गेला आणि पट्टा घेऊन आला. मदुराईच्या फेनरचा, नागपूरच्या पिक्सचा की आणखी कुणाचा, याला फारसं महत्त्व उरलं नव्हतं. माप सांगितलं की कुठल्याही चांगल्या कंपनीचा पट्टा त्या जागी बसतो, आणि दुकानात एक नसेल तर दुसरा चालतो. नाव सांगणारा माणूस एकाच खुंटीकडे बघत उभा राहतो.

बसवताना बॅटरीची वायर काढून ठेवली, अल्टरनेटर पूर्ण आत ढकलला आणि पट्टा हाताने चढवला. पान्याने किंवा पेचकसाने उचकून पुलीवर चढवला की आतल्या दोऱ्या तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात पट्टा एका बाजूला ओढायला लागतो. ताण अंगठ्याने बघितला. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर दाबलं की पट्टा साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरावा. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि थोडा सैलावतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा लावून बघावा लागतो. हे दुसऱ्या दिवसाचं बघणं लोक विसरतात. त्या पट्ट्यावर राळ किंवा बाटलीतलं कुठलंही औषध टाकायचं नाही. ते गिरणीच्या सपाट पट्ट्यापुरतं ठीक होतं.

जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. ही मोजणी हंगामाच्या आधी, ट्रॅक्टर सावलीत उभा असताना आणि इंजिन गार असताना करून ठेवा. तीनही खाचांची रुंदी, कापलेल्या वादीने काढलेली लांबी आणि तारीख, एवढं लिहून ठेवा. आणि पंप, अल्टरनेटर किंवा पुली बदलली की त्याच दिवशी ते माप पुन्हा घ्या. कागद हरवतो. मामांच्या ट्रॅक्टरवर ते बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: '१३ × १०४०, दातेरी, ए ३९'. त्याच मापाचा दुसरा पट्टा सीटखालच्या पेटीत ठेवलेला आहे.